गृहपाठ सगळा बरोबर, आणि पेपरात पहिली ओळच सुचत नाही

एका आईचं पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात सांगते. मुलगी हायस्कूलात आहे. बीजगणित आणि भूमितीचा गृहपाठ करायला आई रोज संध्याकाळी तिच्या शेजारी बसते, आईचं स्वतःचं गणित शाळेत चांगलं होतं. आई शेजारी असली की सगळी गणितं सुटतात, वहीत बरोबरच्या खुणाच खुणा. आईला कामावरून यायला उशीर झाला की मुलगी फोनवर गणिताचा फोटो काढते, अ‍ॅप पायऱ्यांसकट उत्तर देतं आणि ती ते उतरवून काढते. चाचणीत मात्र अर्धा पेपर कोरा. विचारलं की म्हणते, "सगळं येत होतं गं, पण सुरुवातच सुचत नव्हती." मागच्या आठवड्यात आई चिडून बोलून गेली की तुला गणिताचं डोकंच नाही, तेव्हापासून लेक वही उघडायलाच टाळाटाळ करतेय. आईने विचारलंय, फोन काढून घेऊ का, शेजारी बसणं बंद करू का, की सरळ क्लास लावू? पुढची चाचणी महिन्यावर आलीय.

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं, आणि ते तुमचं नाही, लेकीचं आहे. "सुरुवातच सुचत नव्हती." तुम्ही ते सबब म्हणून लिहिलंय असं वाटलं, मला मात्र सगळ्या पत्रात तेच सगळ्यात नेमकं वाटतं. पोरीने आपलं कुठे अडतंय ते बरोब्बर सांगितलंय. तिला समीकरण सोडवता येतं, अवयव पाडता येतात, सिद्धता लिहिता येते, फक्त कुठलं गणित कुठून धरायचं हे तिने आजवर स्वतः ठरवलेलंच नाहीये, कारण ते ठरवणारं माणूस रोज शेजारी बसलेलं असतं आणि ते नसलं की फोन असतो.

तुम्ही मदत करता म्हणजे नेमकं काय करता ते जरा जवळून बघू. भूमितीतलं अगदी नेहमीचं घेते. एक वर्तुळ, केंद्र ओ. बाहेर एक बिंदू पी. पीपासून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढल्यात, त्या वर्तुळाला ए आणि बी इथे टेकतात. सिद्ध काय करायचंय, तर पीए आणि पीबी समान लांबीचे आहेत. मुलगी आकृती काढते, वर्तुळ, बाहेर टिंब, दोन रेघा, आणि थांबते. एखादं मिनिट तसंच जातं. मग तुम्हाला राहवत नाही आणि तुम्ही म्हणता, "अगं ओपी जोड की, आणि ओए-ओबी पण जोडून घे." झालं, पुढचं ती धडाधड लिहिते. ओए आणि ओबी एकाच वर्तुळाच्या त्रिज्या म्हणून समान, ओपी दोन्ही त्रिकोणांत सामाईक, स्पर्शिका त्रिज्येला लंब असते म्हणून ए आणि बी पाशी काटकोन, कर्ण-भुजा कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप, म्हणून पीए बरोबर पीबी. एकही चूक नाही, खाली बरोबरची खूण. पण या अख्ख्या गणितात विचार करावा लागेल अशी गोष्ट एकच होती, आकृतीत नसलेल्या रेघा आपण काढायच्या आहेत हे सुचणं, आणि ती गोष्ट तुम्ही केलीत. बाकीच्या ओळी तिला आधीपासूनच येत होत्या.

तुम्हाला दोष देत नाहीये हो. दिवसभर काम करून आल्यावर पोरीच्या शेजारी गणित घेऊन बसायचं याला माया लागते, आणि ती तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसते. फक्त मदत नेमकी चुकीच्या जागी पडतेय. गाडीवर मागे बसून कुणी "आता डावीकडे, आता सरळ" सांगत असलं की चालवणारा महिनाभर रोज त्याच रस्त्याने गेला तरी त्याला रस्ता पाठ होत नाही, तसं चाललंय हे. चालवायला येतंय, वळायचं कुठे ते येत नाहीये.

आता 'डोकं नाही'बद्दल, कारण ते मला फार टोचलं. डोकं नसलेली मुलगी ओपी जोडल्यावर पुढची सिद्धता न अडखळता लिहील का? ते लिहायला स्पर्शिका-त्रिज्येचं प्रमेय आठवावं लागतं, कसोटी ओळखावी लागते, कारणं क्रमाने लावावी लागतात. हे सगळं तिच्यात आहे. आणि सुरुवात सुचणं ही काही जन्मतः मिळालेली देणगी नाही, तेही सवयीने येतं, फक्त ते शिकताना माणूस बराच वेळ नुसता बसलेला दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं की याला काही येत नाहीये. तुमचं शाळेतलं गणित चांगलं होतं म्हणता, तर मला खात्री आहे की तुम्हीही अशाच बसला असणार, फक्त तुमच्या शेजारी कुणी घाईत नसेल.

अजून एक गोष्ट तुमच्या पत्रात मला गृहीत धरलेली दिसली, की प्रत्येक गणिताची एक 'बरोबर' पद्धत असते आणि ती तुम्हाला माहितीये. एक उदाहरण देते. आयताची लांबी रुंदीपेक्षा ७ सेंटिमीटरने जास्त, क्षेत्रफळ ६० चौरस सेंटिमीटर, परिमिती काढा. तुम्ही लगेच म्हणाल "रुंदी एक्स धर", मग एक्स गुणिले (एक्स + ७) बरोबर ६०, म्हणजे एक्सचा वर्ग + ७ एक्स − ६० = ०, अवयव (एक्स + १२) आणि (एक्स − ५), एक्स ५ किंवा −१२, रुंदी ऋण नसते म्हणून ५, लांबी १२, परिमिती ३४. उत्तम. पण समजा लेक एक्स न धरता आयतच काढत बसली. एक आयत, मग त्याच्या टोकाला तसाच दुसरा आडवा, मग तिसरा, मग चौथा, चारही आयत चौकोनाच्या कडेने फिरवून लावले. तुम्हाला वाटेल वेळ घालवतेय. पण त्या चार आयतांच्या मधोमध एक रिकामी चौकट उरते, तिची बाजू लांबी वजा रुंदी, म्हणजे ७. आणि बाहेरच्या मोठ्या चौरसाची बाजू लांबी अधिक रुंदी. मोठ्या चौरसाचं क्षेत्रफळ चार आयत आणि मधली चौकट मिळून, ४ गुणिले ६० अधिक ४९, म्हणजे २८९. बाजू १७. परिमिती त्याच्या दुप्पट, ३४. लांबी किती, रुंदी किती हे काढायची गरजच पडली नाही!

आणि हा असा रस्ता फार जुना आहे बरं का. बॅबिलोनी लोकांची साडेतीन हजारांहून जास्त वर्षं जुनी एक मातीची पाटी येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे, तिच्यावर नेमका हाच हिशोब आहे, दोन संख्या, फरक ७, गुणाकार ६०. तेव्हा एक्स नव्हता, सूत्र नव्हतं. अभ्यासक ती पाटी अशी वाचतात की आयताचा ७ रुंदीचा जास्तीचा पट्टा मधोमध कापायचा, साडेतीनचा एक अर्धा तिथेच ठेवायचा, दुसरा खाली आणून लावायचा, कोपऱ्यात साडेतीन बाय साडेतीनचा तुकडा कमी पडतो तो भरायचा, ६० अधिक १२.२५ म्हणजे ७२.२५, त्याची बाजू ८.५, आणि मग ८.५ मध्ये साडेतीन मिळवले की १२, वजा केले की ५. वर्ग पूर्ण करण्याची पद्धत म्हणून पुस्तकात जी कोरडी वाटते ती मुळात ही कापाकापी आहे. तुमच्या लेकीला हे एकदा कागद कापून करायला द्या, खरंच द्या. वर्गसमीकरणातला तो 'अर्ध्याचा वर्ग मिळवा' कुठून येतो हे हाताने कळलं की ते पाठ करावं लागत नाही. आणि बीजगणित आणि भूमिती हे दोन वेगळे पेपर असले तरी आतून एकच आहेत हेही तिला दिसेल.

हे सगळं अशासाठी सांगितलं की तुम्ही "एक्स धर" म्हणता तेव्हा तिच्यापुढचे बाकीचे रस्ते बंद होतात, आणि त्यातला एखादा तिचा असू शकतो.

तर मग शेजारी बसणं बंद करायचं का? मला नाही वाटत. आत्ता बंद केलंत तर, जे बोलून गेलात त्याच्या पाठोपाठ ते तिला शिक्षेसारखं वाटेल, आणि ती सगळी संध्याकाळ फोनकडे वळेल. बसा, पण तुमचं काहीतरी वाचायला नाहीतर शिवायला घेऊन बसा, पेन हातात घेऊ नका, आणि ती अडली की उत्तराच्या दिशेने ढकलणारं वाक्य बोलण्याऐवजी प्रश्न विचारा. काय दिलंय? काय काढायचंय? दिलेल्यातलं काय अजून वापरलंच नाहीयेस? हा तिसरा प्रश्न फार कामाचा आहे, शाळेच्या गणितात सहसा फालतू माहिती दिलेली नसते, त्यामुळे "केंद्र ओ दिलंय पण मी ओला हातच लावला नाही" हे लक्षात आलं की स्पर्शिकेच्या गणितात ओए-ओबी आपोआप जोडावेसे वाटतात. भूमितीत अजून एक विचारता येतं, शेवटची ओळ काय असेल? पीए बरोबर पीबी. बरं, दोन रेषाखंड समान आहेत हे आपण कशाकशाने दाखवतो? एकरूप त्रिकोणांनी. मग त्रिकोण कुठायत? नाहीयेत, म्हणजे काढावे लागतील. बघा, ओपी न सांगता ती ओपीपर्यंत आली. जे सिद्ध करायचंय तिथून मागे मागे येणं हे मुलांना कुणी मुद्दाम दाखवत नाही, कारण वहीत सिद्धता नेहमी वरून खाली लिहिलेली असते आणि वाटतं की सुचतेही तशीच.

प्रश्न विचारला की थांबायचं. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहितीये. ती खिडकीबाहेर बघेल, पेनाचं टोपण चावेल, आणि तुमच्या तोंडात उत्तर येऊन बसलेलं असेल. येऊ दे. किती वेळ अडू द्यायचं याचा काही पक्का नियम नाही, माझ्या मते एका गणितावर दहा-पंधरा मिनिटं खटपट ठीक आहे, त्यात काही नवीन करून बघणं चालू असेल तर अजून थोडं, पण नुसतं त्याच ओळीकडे बघत रडवेली झाली असेल तर ते गणित बाजूला ठेवायचं, समासात 'इथे अडले' असं लिहायचं आणि पुढे जायचं. दुसऱ्या दिवशी त्याच गणिताकडे परत यायचं. पुष्कळदा रात्र मध्ये गेली की सुटतं.

आता फोनबद्दल. तुम्हाला वाटतं फोन हा चोर आहे, तो गेला की प्रश्न सुटला. पण विचार करा, फोन तेच करतोय जे तुम्ही करता, फक्त तुमच्यापेक्षा जास्त पायऱ्या सांगतो. काढून घेतलात तर ती मैत्रिणीची वही मागेल. आणि सोडवलेलं गणित बघणं ही वाईट गोष्टही नाही, नवीन धडा असेल तेव्हा तर चांगली आहे. १९८५ मध्ये जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी बीजगणित शिकणाऱ्या मुलांवर प्रयोग केले होते, त्यात ज्यांना आधी पूर्ण सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली आणि लगेच तसंच एक स्वतः करायला दिलं, त्यांना नंतर तशाच प्रकारच्या गणितांना नुसती गणितंच सोडवत राहिलेल्या मुलांपेक्षा वेळ कमी लागला आणि चुका कमी झाल्या. गोम 'अभ्यासणं' आणि 'लगेच तसंच एक स्वतः करणं' यात आहे. उतरवून काढण्यात दोन्ही नाहीत.

म्हणून फोन राहू द्या, पण वापरायची रीत बदला, आणि ती तिच्याशी बोलून ठरवा, हुकूम म्हणून नको. आधी वहीत स्वतःचं काहीतरी लिहिलेलं असलंच पाहिजे, चुकीचं का असेना. मग अ‍ॅपमधली फक्त पहिली पायरी बघायची, बाकीचं हाताने झाकायचं, आणि स्वतःला विचारायचं, हीच पायरी का? दुसरी काय असेल? तिथून पुढे गणित सुटलं तर बाकीचं बघायची गरजच नाही. नाहीच सुटलं तर पूर्ण वाचायचं, फोन उलटा ठेवायचा, आणि कोऱ्या कागदावर न बघता पहिल्यापासून लिहायचं. इथे मुलं दचकतात, कारण वाचताना सगळं कळलेलं असतं आणि लिहायला गेलं की तिसऱ्या ओळीला हात थांबतो. ते थांबणं म्हणजे नेमकी न कळलेली जागा सापडली. आणि त्या अ‍ॅपवर डोळे झाकून विश्वासही ठेवू नका, फोटोत घातांक नीट आला नाही किंवा आकृतीतला काटकोन त्याला दिसला नाही तर ते भलतंच गणित मोठ्या आत्मविश्वासाने सोडवून देतं. उत्तर मूळ समीकरणात घालून बघायची सवय असली तर हे लगेच पकडता येतं, ५ गुणिले १२ बरोबर ६०, १२ वजा ५ बरोबर ७, झाली खात्री, अर्धं मिनिटही लागत नाही.

वही भरलेली आणि पेपर कोरा, याला अजून एक कारण आहे आणि त्यात तुमचाही दोष नाही आणि तिचाही. गृहपाठाचा जो सरावसंच असतो तो एका धड्याचा असतो. 'वर्गसमीकरणं' असं वर ठळक लिहिलेलं, खाली गणितं, म्हणजे कुठली पद्धत वापरायची ते धड्याच्या नावानेच सांगून टाकलेलं असतं. पेपरात धड्याची नावं नसतात, सगळं मिसळलेलं असतं, आणि तिथे पहिल्यांदाच मुलांना ओळखायची वेळ येते. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये हेच तपासलं होतं, काही विद्यार्थ्यांना एकेका प्रकारची गणितं गठ्ठ्याने दिली आणि काहींना मिसळून. सराव करताना मिसळलेली गणितं करणाऱ्यांच्या चुका जास्त झाल्या, पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा तेच कितीतरी पुढे होते. म्हणजे मिसळून सराव करताना मार्क खाली आल्यासारखं वाटेल, तेव्हा घाबरून जाऊन पुन्हा धड्याप्रमाणे चालू करू नका.

यासाठी मला आवडणारी गोष्ट म्हणजे 'पहिल्या ओळीची वही'. एक साधी वही घ्यायची, वेगवेगळ्या धड्यांतली आठ-दहा गणितं कशीही उचलायची, आणि एकही गणित सोडवायचं नाही. प्रत्येकाखाली फक्त लिहायचं की मी सुरुवात काय करेन आणि का. दोन संख्यांची बेरीज आणि फरक दिलाय, तर दोन चलं, दोन समीकरणं, मिळवली की एक चल जातं. शिडी भिंतीला टेकलीय, तर भिंत-जमिनीत काटकोन, पायथागोरस. त्रिकोणात एका बाजूला समांतर रेघ आहे, तर कोन सारखे, समरूप त्रिकोण, बाजू प्रमाणात. वर्तुळात व्यास दिसतोय, तर त्याच्यासमोरचा वर्तुळावरचा कोन काटकोन. एवढंच. आकडेमोड नाही, त्यामुळे कंटाळा येत नाही आणि जे अडतंय नेमका त्याचाच सराव होतो. आत्ता ती वही उघडायला तयार नाहीये ना, तिला हे जमेल, कारण यात उत्तर चुकायची भीतीच नाही. तुम्हीही त्याच गणितांच्या पहिल्या ओळी वेगळ्या कागदावर लिहा आणि मग दोघी मिळून ताडून बघा. वेगवेगळ्या निघाल्या की मजा असते, मग कुठली सोपी पडेल यावर वाद घाला. माझ्या मते तुमची संध्याकाळ गृहपाठ तपासण्यापेक्षा या वादात जास्त सत्कारणी लागेल.

किरकोळ चुकांबद्दलही तुम्ही लिहिलंय, की येत असूनही 'वेंधळेपणाने' मार्क जातात. वेंधळेपणा हा शब्द वापरू नका तिच्यासमोर, त्याने काही सुधारत नाही. त्या चुका बहुतेक ठराविकच असतात आणि त्यांची नावं असतात. कंसाचा वर्ग करताना मधलं पद विसरणं, त्यावर उपाय असा की आकडे घालून बघायचं, (३ अधिक ४) या अख्ख्या कंसाचा वर्ग ४९, आणि ९ अधिक १६ होतात २५, म्हणजे मधले २४ कुठेतरी राहिले. कंसाच्या बाहेर वजा असताना आतलं दुसरं चिन्ह न बदलणं. एक्सचा वर्ग बरोबर ५ एक्स असं आलं की दोन्ही बाजूंना एक्सने भागून मोकळं होणं, आणि मग एक्स शून्य हे उत्तर हरवतं. भूमितीत 'कोणताही त्रिकोण' म्हटलं की सुबक समभुज काढणं, मग त्यात मध्यगा आणि लंब एकच दिसतात आणि मुलं ते दिलेलं नसताना लिहून टाकतात, म्हणून मुद्दाम वाकडा, तिन्ही बाजू वेगळ्या असलेला त्रिकोण काढायला सांगा, आणि आकृती मोठी, अर्धं पान घेणारी. जुन्या पेपरांमधून तिच्या स्वतःच्या चुका कुठल्या दोन-तीन आहेत ते तिलाच शोधू द्या. सहसा जास्त निघत नाहीत. आणि शोधताना जर असं दिसलं की बीजगणित ठीक आहे पण अपूर्णांकांची बेरीज किंवा ऋण संख्यांचा गुणाकार आला की घसरते, तर मागच्या वर्गांतलं तेवढंच काढून आठवडाभर करा, त्यात कमीपणा काही नाही.

क्लासचं थोडक्यात सांगते. क्लास लावायचा तर लावा, पण आधी एक दिवस तिथे काय चालतं ते बघा किंवा विचारा. फळ्यावर गणित येतं, शिकवणारे पहिली ओळ लिहितात, मुलं उतरवून घेतात, असं असेल तर तुमच्या घरी जे होतं तेच तिथे फी भरून होईल. मुलांना आधी झगडू देतात का, चुकीच्या सुरुवातीवर बोलतात का, हे बघा. तसं असेल तर चांगलंच आहे. महिन्याभरात जादू होईल म्हणून मात्र लावू नका.

एक काम क्लासच्या आधी करा आणि ते टाळू नका. शाळेतल्या गणिताच्या बाईंना किंवा सरांना भेटा. त्यांच्या बाजूने बघा, त्यांना रोज पूर्ण, स्वच्छ, बरोबर गृहपाठ मिळतोय, तर ही मुलगी अडलीय हे त्यांना कळणार कसं? यापुढे गृहपाठ जसा तिचा झाला तसाच जाऊ दे, चार सुटलेली, दोन अर्धवट, एक 'इथे अडले' लिहिलेलं. सुरुवातीला शेरा येईल, कदाचित गृहपाठाचे मार्कही जातील, म्हणून आधीच जाऊन सांगा की असं का पाठवतोय. शिकवणाऱ्याला अशी वही मिळाली तर ती भरलेल्या वहीपेक्षा कितीतरी उपयोगी असते, नेमकं कुठे हात द्यायचा ते दिसतं. तुमच्यासारख्या ज्या आयांना आणि बाबांना मुलांची वही रिकामी गेली की आपलीच लाज गेल्यासारखी वाटते, त्यांना हे जड जातं, मी समजू शकते, तरीही पाठवा.

ते डोक्याचं बोललात ना, ते तिच्याशी एकदा नीट बोला. फार मोठं काही नको. "मी चिडले होते, आणि खरं सांगायचं तर तुझ्या वाटचा विचार मीच करत होते, म्हणून तुला सुचत नव्हतं," एवढं पुरे. तिला ते खोटं कौतुक वाटणार नाही कारण ते खरं आहे, आणि तिला ते आधीपासून कुठेतरी माहितीही असेल.

महिना आहे तुमच्याकडे. त्यात सगळा अभ्यासक्रम उलटापालटा करायला जाऊ नका. रोज शाळेचा गृहपाठ तिच्या तिने, मग पंधरा-वीस मिनिटं पहिल्या ओळीची वही, आणि आठवड्यातून एकदा एक जुना पेपर घड्याळ लावून, शेजारी तुम्ही नाही आणि फोनही नाही. त्या पेपरात सुरुवातीची पाच मिनिटं पेन खाली ठेवून सगळे प्रश्न नुसते वाचायचे, ज्यांची पहिली ओळ सुचली त्यांच्यापुढे बारीक टिंब करायचं, आणि टिंबवाले आधी सोडवायचे. पहिल्या पेपरात टिंबं कमी असतील. सोडवलेल्या मार्कांपेक्षा ती टिंबं मोजा, आणि वाढतायत का ते मला महिन्याने नक्की कळवा.